बेबंद तुरुंगाची भयकथा फसू नये म्हणून

दोन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचण्याचे काम माझ्याकडे होते. त्यांतील एका भयकथेचा पहिला परिच्छेद वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. शिक्षा झालेला एक तरुण दूरच्या एका तुरुंगाच्या दारात उभा आहे. आत कायदा म्हणून काही उरलेले नाही, असे त्याला वाटेत पोलिसांच्या गाडीतच सांगण्यात आले आहे. आणि दारातला कारकून त्याचे नाव नोंदवहीत शाईने न लिहिता शिसपेन्सिलीने लिहितो. नाव पेन्सिलीने का लिहिले असेल, हा प्रश्न मनात धरून मी पान उलटले. तिथे एका कैद्याचे मुंडके उडाले. त्याच्या पुढच्या पानावर दोघांना पेटवून देण्यात आले. अठरा पानांच्या त्या कथेत तेवीस माणसे मेली आणि अखेरीस असे उघड झाले की, तुरुंग एका जुन्या स्मशानाच्या जागेवर बांधलेला होता. पेन्सिल मात्र पुन्हा आलीच नाही. ती कथा आम्ही परत पाठवली, तेव्हा लेखकाला मी सविस्तर पत्र लिहिले. पुढे जे लिहितो आहे ते त्या पत्राचेच वाढवलेले रूप आहे आणि ज्यांना अशा तुरुंगावर भयकथा लिहायची आहे किंवा लिहून झालेली दुरुस्त करायची आहे, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून ते मांडतो आहे.

त्या कथेची चूक रक्तपाताच्या आधीच झाली होती. ‘इथे कायदा नाही’ हे वाक्य लेखकाने अक्षरशः खरे मानले आणि त्यामुळे आत कधीही, कोणाचेही, काहीही होऊ शकते असे ठरवून टाकले. जिथे काहीही होऊ शकते तिथे वाचकाला कशाचीच वाट पाहता येत नाही, आणि वाट पाहिल्याशिवाय भीती तयार होत नाही. प्रत्यक्षात सरकारचा कायदा ज्या तुरुंगातून निघून जातो, तिथे दुसरा कायदा येऊन बसतो; तो लिहिलेला नसतो, त्यावर अपील नसते, पण तो पाळला जातो आणि बहुतेक वेळा सरकारी कायद्यापेक्षा अधिक काटेकोरपणे पाळला जातो. तुमच्या कथेची भीती त्या दुसऱ्या कायद्यात आहे. म्हणून कथेचे पहिले वाक्य लिहिण्याच्या आधी तो कायदा स्वतःपुरता लिहून काढा.

हा कायदा कसा असतो, याची कल्पना यावी म्हणून दक्षिण अमेरिकेकडे पाहणे योग्य ठरेल. व्हेनेझुएलातील आराग्वा प्रांतात तोकोरोन नावाचा तुरुंग होता. त्याच्या आत कैद्यांनी पोहण्याचा तलाव, छोटे प्राणिसंग्रहालय आणि नाचगाण्याचा क्लब थाटला होता, आणि 2023 च्या सप्टेंबरात सरकारला तो तुरुंग परत ताब्यात घेण्यासाठी सुमारे अकरा हजार जवान पाठवावे लागले. तिथल्या तुरुंगांत आतल्या सत्ताधीश कैद्याला ‘प्रान’ म्हणतात (मराठी कानाला हा शब्द विलक्षण वाटतो, कारण इतरांचे प्राण खरोखरच त्याच्या हाती असतात) आणि प्रत्येक कैद्याने त्याला ठरावीक मुदतीने जी रक्कम द्यायची तिला ‘काउसा’ म्हणतात. ही रक्कम बहुधा बाहेरचे नातेवाईक भरतात. म्हणजे आत बसलेल्या मुलाच्या जिवाचा हप्ता बाहेर राबणारी आई भरत असते. भयकथा लिहिणाऱ्याने या एका गोष्टीपाशी तासभर थांबावे, असे मला मनापासून वाटते. मुंडके उडवण्याच्या कोणत्याही प्रसंगापेक्षा, हप्त्याच्या दिवशी फोनची वाट पाहणारा कैदी मला अधिक भयानक वाटतो.

बोलिव्हियाचे सरकार जिथून चालते त्या ला पाझ शहरातल्या सान पेद्रो तुरुंगाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे पहारेकरी मुख्यतः दाराशी आणि भिंतीबाहेर असतात, आत कैद्यांनी निवडलेले प्रतिनिधी कारभार पाहतात, कोठड्यांची खरेदी-विक्री होते, आणि अनेक कैद्यांच्या बायका-मुलांनी त्यांच्याबरोबर आतच संसार थाटल्याची नोंद आहे. मुले सकाळी फाटकातून शाळेला जात आणि संध्याकाळी त्याच फाटकातून तुरुंगात घरी येत. ब्राझीलमधील साओ पाउलो शहरातल्या कारांदिरू तुरुंगाची कथा सर्वांत बोलकी आहे. 2 ऑक्टोबर 1992 या दिवशी तिथल्या नऊ क्रमांकाच्या इमारतीत कैद्यांच्या दोन गटांत भांडण झाले, लष्करी पोलीस आत घुसले आणि 111 कैदी मारले गेले. पोलिसांपैकी एकही मेला नाही. पुढच्याच वर्षी, 1993 मध्ये, तौबाते इथल्या तुरुंगात कैद्यांची जी टोळी स्थापन झाली, तिने या हत्याकांडाचे स्मरण आपल्या लेखी नियमावलीतच नोंदवले, आणि पुढे त्या राज्यातील बहुतेक तुरुंगांवर तिची सत्ता चालू लागली. कोणी कोणाला मारायचे, कोणाच्या परवानगीने मारायचे, कर्ज थकले तर काय करायचे, हे ती ठरवू लागली. बेबंदपणातून कायदा कसा जन्मतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

आता तुमच्या वहीकडे या. एका पानावर तुमच्या तुरुंगाचा आतला कायदा लिहा आणि तो भाववाचक शब्दांत न लिहिता व्यवहाराच्या शब्दांत लिहा. झोपायची जागा कोण देतो आणि तिची किंमत काय? संडासाजवळची जागा कोणाला मिळते? पाण्याची बादली आधी कोण भरतो? किल्ल्या खरोखर कोणाकडे आहेत आणि कागदोपत्री कोणाकडे आहेत? रात्री कोणत्या दिशेला तोंड करून झोपायचे नाही? कोणता शब्द उच्चारायचा नाही? उसने घेतलेली विडी किती दिवसांत परत करायची आणि न केल्यास पहिली शिक्षा कोणती, दुसरी कोणती? या पानावर वीस-पंचवीस नियम झाले की त्यांतील बहुतेक कथेत येणारच नाहीत, आणि तसे होणेच चांगले. जे चार-पाच येतील ते मात्र तुमच्या नायकाबरोबर वाचकालाही शिकायला मिळाले पाहिजेत, एकेक करून, आणि प्रत्येक वेळी थोडी किंमत मोजून. वाचकाला नियम पाठ झाला की तुमचे निम्मे काम झाले, कारण आता नायकाचा हात चुकीच्या बादलीकडे गेला तरी वाचकाचा श्वास अडकतो आणि त्यासाठी तुम्हाला एकही विशेषण खर्च करावे लागत नाही.

नियमांपैकी एक असा ठेवा की तो कशासाठी आहे, हे आतल्या कोणालाही सांगता येत नाही. सगळे पाळतात म्हणून पाळायचा. पुढे भुताखेताचे काही आणायचे असेल तर त्याला आत यायला हेच दार आहे. त्याबद्दल खाली लिहितो.

दुसरी गोष्ट म्हणजे भिंतीबाहेरचे लोक. परत पाठवलेल्या त्या कथेत बाहेरचे जग पहिल्या पानानंतर नाहीसेच झाले होते, आणि पुष्कळ लेखक तसे करतात. तुरुंग म्हणजे बेट, अशी त्यांची समजूत असते. परंतु बेबंद तुरुंगातील सर्वांत मोठे भय हेच असते की बाहेरच्यांना सगळे ठाऊक आहे. 2 फेब्रुवारी 1980 रोजी पहाटे अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात सांता फे शहराजवळच्या तुरुंगात उठाव झाला. जे जाळीचे दार बंद असायला हवे होते ते उघडे राहिले होते, नियंत्रण कक्षाला नुकतीच बसवलेली भक्कम म्हणवली जाणारी काच काही मिनिटांत फुटली, आणि सगळ्या तुरुंगाच्या किल्ल्या कैद्यांच्या हाती आल्या. दुरुस्तीच्या कामावरच्या लोकांनी धातू कापण्याच्या गॅसच्या बत्त्या आतच ठेवल्या होत्या. त्या घेऊन काही कैदी चौथ्या विभागाकडे निघाले, कारण तिथे खबरे म्हणून ओळखले जाणारे आणि इतरांपासून वाचवण्यासाठी वेगळे ठेवलेले कैदी होते. दार कापायला वेळ लागला. आतली माणसे गजांआडून ठिणग्या पाहत होती, खिडक्यांतून ओरडून मदत मागत होती, आणि कुंपणापलीकडे पोलीस उभे होते. बारा पहारेकरी ओलीस असल्यामुळे पोलीस आत गेले नाहीत. छत्तीस तासांत 33 कैदी इतर कैद्यांच्या हातून मेले. ओलीस धरलेल्या पहारेकऱ्यांपैकी एकही मेला नाही.

या घटनेचा तपशील भडकपणे वापरणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या हातून ती घटना नेहमी फिकी पडते. तिचे खरे भय दोन ठिकाणी आहे. पहिले ठिकाण त्या तासांत आहे, ज्यांत दार अजून कापून झालेले नाही. दुसरे ठिकाण उठावाच्या आधीच्या वर्षांत आहे. नंतरच्या सरकारी चौकशीत असे पुढे आले की, तिथले अधिकारी कैद्यांकडून बातम्या काढण्यासाठी त्यांना धमकी देत असत: बोलला नाहीस, तर तू खबऱ्या आहेस अशी कुजबुज आम्हीच पसरवू. म्हणजे काही न बोलणारा माणूसही खबऱ्या ठरू शकत होता, आणि तसा ठरला की त्याला चौथ्या विभागात आसरा घ्यावा लागे, आणि त्या विभागात जाणे हाच तो खबरी असल्याचा पुरावा होई. हे चक्र नीट समजून घ्या. भयकथेचा सांगाडा यापेक्षा चांगला मिळणे कठीण, आणि त्यात अजून रक्ताचा एक थेंबही नाही.

त्याआधी नऊ वर्षे, 1971 च्या सप्टेंबरात, न्यूयॉर्क राज्यातील ॲटिका तुरुंगात कैद्यांनी चार दिवस ताबा ठेवला होता. त्यांनी प्रतिनिधी निवडले, मागण्या लिहिल्या, ओलिसांच्या रक्षणासाठी कैद्यांचेच पहारे लावले. 13 सप्टेंबरला सरकारी बळाने तुरुंग परत घेतला तेव्हा गोळीबारात 29 कैदी आणि 10 ओलीस मेले. कैद्यांनी ओलिसांचे गळे चिरले, असे अधिकाऱ्यांनी प्रथम जाहीर केले आणि वर्तमानपत्रांनी तसेच छापले. शवविच्छेदनात ते सगळे गोळ्यांनीच मेल्याचे सिद्ध झाले. तुमच्या कथेत शेवटी वाचलेला कोणी बाहेर येऊन घडलेले सांगणार असेल, तर त्याच्या सांगण्याच्या आधीच बाहेर एक अधिकृत हकिकत तयार झालेली असेल, हे ध्यानात ठेवा आणि ती अधिकृत हकिकत चार ओळींत लिहून ठेवा. ती कथेत कुठे ठेवायची हे नंतर ठरवता येते. मी स्वतः ती सुरुवातीला ठेवीन, म्हणजे पुढचे प्रत्येक पान वाचताना वाचकाला कळत राहते की हे कोणी मानलेले नाही.

मराठी वाचकापाशी तुरुंगाच्या भीतीची एक वेगळी ठेव आधीपासून आहे आणि तिचा विसर पडू देऊ नये. अंदमानच्या सेल्युलर जेलची इमारत 1906 मध्ये पुरी झाली. मधल्या बुरुजापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या तिच्या सात शाखा अशा रचल्या होत्या की, एका शाखेतील कोठड्यांसमोर दुसऱ्या शाखेची पाठ येई. कैद्याला कैदी दिसू नये हीच योजना होती. 1911 मध्ये तिथे नेलेल्या सावरकरांची ‘माझी जन्मठेप’ आपल्याकडे घरोघरी वाचली गेली आणि त्यातला कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, सर्वांच्या मनात रुतून बसला. तो कोलू का रुतला, याचा भयकथा लिहिणाऱ्याने विचार करावा. बैलाने ओढायचे काम माणसाकडून करून घेतले, हे एक कारण झालेच. पण त्याहून खोलवर बसतो तो आकडा: दिवसाला 30 पौंड तेल. आजच्या मापात साडेतेरा किलोंहून थोडे अधिक. तेल मोजले जात असे, आणि ते भरले नाही तर शिक्षा होती. क्रौर्याला माप लावले की ते खरे होते, कारण वाचक आपोआप हिशेब करू लागतो की दुपार झाली, अजून किती राहिले, हात चालतील का. तुमच्या तुरुंगातही एखादे असे माप असू द्या. ते तेलाचे असण्याची गरज नाही. फोडायच्या खडीच्या घमेल्यांचे, मोजून मिळणाऱ्या पाण्याचे, उभे राहण्याच्या तासांचे, कशाचेही चालेल. मात्र एकदा ठरवलेले माप कथेत बदलू नका, आणि बदललेच तर ती कथेतील सर्वांत मोठी घटना असली पाहिजे.

अंदमानची आणखी एक गोष्ट कामाची आहे. तिथे कैद्यांवर नजर ठेवण्यासाठी कैद्यांमधूनच वॉर्डर, पेटी अफसर, जमादार नेमले जात. सरकारने नेमलेला मूठभर गोरा अधिकारीवर्ग आणि त्याच्याखाली कैद्यांनीच कैद्यांना छळण्याची उतरंड, अशी ती रचना होती. ज्या कथेत छळणारे सगळे जन्मतः राक्षस असतात ती कथा वाचकाला सुरक्षित ठेवते, कारण आपण तसे नाही याची त्याला खात्री असते. जिथे काल कोलू ओढणारा आज दुसऱ्याचे तेल मोजतो आहे आणि मापात एक थेंबही सोडत नाही, तिथे ती खात्री डळमळू लागते. म्हणून तुमच्या खलपात्राला एक जुना दिवस द्या, ज्या दिवशी तोही दारात उभा होता.

आता हिंसेच्या मात्रेबद्दल. तेवीस मृत्यूंपैकी किती ठेवावेत, असे त्या लेखकाने मला उलट टपाली विचारले होते. मी ‘एक’ असे कळवले आणि आजही माझे मत तेच आहे. एक मृत्यू ठेवा, पण तो अर्ध्या कथेवर पसरू द्या. तो माणूस आधी ओळखीचा झाला पाहिजे: तो जेवताना पहिला घास कसा घेतो, मुलाखतीच्या दिवशी कोणता सदरा घालतो, झोपेत काय बोलतो. मग त्याच्या हातून नियम मोडला जातो, आणि तो इतका लहान असतो की वाचकाला वाटते, एवढ्याने काय होणार. मग काही दिवस काहीच होत नाही. हे काही न होण्याचे दिवस लिहायला सर्वांत अवघड असतात आणि इथेच कसलेला लेखक ओळखू येतो. बराकीतले लोक त्याच्याशी पूर्वीपेक्षा चांगले वागू लागतात, कोणी त्याला स्वतःच्या ताटातले वाढतो, कोणी त्याच्या चपला मागून घेतो. प्रत्यक्ष मृत्यू दोन वाक्यांत सांगा किंवा सांगूच नका; दुसऱ्या दिवशी त्याच्या झोपायच्या जागेचा भाव किती ठरला, ते मात्र सांगा.

क्षुल्लक कारण आणि भयंकर परिणाम यांतील अंतर ही लेखकाची कल्पना आहे, असे कोणाला वाटत असेल तर मुंबईतील भायखळ्याच्या महिला कारागृहातील 2017 च्या जून महिन्याची घटना आठवावी. तिथे एका महिला कैद्याचा मृत्यू झाला, तुरुंगाच्या सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला, आणि मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी कारागृहातील स्त्रियांनी मोठा उठाव केला. वादाचे मूळ शिध्यात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले, हे असल्याचे तक्रारीत नोंदवले गेले. मी हे उदाहरण देताना कचरतो, कारण ती एक खरी स्त्री होती आणि तिची माणसे आहेत. म्हणूनच माझी कळकळीची सूचना अशी की, खऱ्या घटनेतून नियम घ्या, माणूस उचलू नका. कमी भरलेल्या पावांवरून काय होऊ शकते, हे ज्ञान कथेत वापरावे. त्या स्त्रीच्या शरीरावरच्या जखमा वापरू नयेत. ज्या कथा तसे करतात त्या भीतीही नीट उत्पन्न करू शकत नाहीत, कारण वाचकाच्या मनात भीतीऐवजी लाज दाटून येते आणि तो पुस्तक मिटतो.

कोणाला कैदी करायचे, हेही आधीच ठरवावे. आपल्याकडच्या बहुतेक कथांत नायक खोट्या आरोपात अडकलेला निष्पाप मनुष्य असतो. त्यापेक्षा सरळ वस्तुस्थितीकडे पाहा: भारतातील तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नाही. ते दोषी आहेत की निर्दोष, हे त्यांच्या बाबतीत अजून कोणी ठरवलेले नाही. असा माणूस भयकथेला अतिशय जवळचा असतो, कारण त्याच्या शिक्षेला शेवटची तारीख नसते. पक्का कैदी भिंतीवर दिवस मोजू शकतो. कच्चा कैदी फक्त पुढची तारीख मोजतो, आणि ती तारीख पडली की पुन्हा पुढची.

भुताकडे वळतो. बेबंद तुरुंगाच्या कथेत भूत बहुधा फसते, आणि त्याचे कारण उघड आहे: जिथे जिवंत माणसे इतके करतात तिथे मेलेल्याला करण्यासारखे काय उरते? स्मशान, शाप, फाशी गेलेल्याचा अतृप्त आत्मा यांपैकी काहीही शेवटच्या पानावर आणले तर आधीच्या सगळ्या क्रौर्याची जबाबदारी त्या भुतावर जाते आणि माणसे सुटतात. हे मला केवळ कलेच्या दृष्टीने नव्हे, तर माणुसकीच्या दृष्टीनेही चुकीचे वाटते. भूत आणायचेच असेल तर त्याला तुरुंगाच्या कायद्याखाली आणा. त्यालाही झोपायची जागा लागेल, त्याच्याही नावावर उधारी असेल, त्यालाही गिनतीत उभे राहावे लागेल.

गिनती हा तुरुंगाच्या दिवसाचा कणा आहे. सकाळी कोठड्या उघडताना आणि संध्याकाळी टाळे लावताना माणसे मोजली जातात आणि आकडा जुळल्याशिवाय दिवस संपत नाही. नवखा लेखक एक कैदी कमी भरवतो, कारण पळून जाणे त्याला नाट्यमय वाटते. एक जास्त भरवून पाहा. पुढे नमुन्यादाखल काही वाक्ये देतो.

‘संध्याकाळी वॉर्डरने बराक मोजली. एकसष्ट. वहीत साठ होते. त्याने पुन्हा मोजली नाही. खिशातून पेन्सिल काढून त्याने साठाचे एकसष्ट केले, वही मिटली आणि टाळे लावले. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने तोवर रोखून धरलेला श्वास सोडला. ‘‘आकडा जुळला,’’ तो म्हणाला, ‘‘आता झोप. आणि भिंतीकडची जागा मोकळी ठेव.’’ ’

इथे भुताचे वर्णन नाही, कोणी किंचाळत नाही, दिवे विझत नाहीत. व्यवस्थेने त्याला सामावून घेतले आहे, एवढेच दिसते. कोणाला माहीत नसलेल्या कारणाचा जो नियम तुम्ही वहीत लिहून ठेवला होता (भिंतीकडची जागा रात्री मोकळी ठेवायची), त्याचा अर्थ वाचकाला या क्षणी कळतो, आणि तो कोणी समजावून सांगत नाही. समजावण्याचा मोह फार होतो. लिहून झाल्यावर कथेतील अशी सर्व वाक्ये शोधा, ज्यांत एखादे पात्र दुसऱ्याला तुरुंगाचा इतिहास सांगते, आणि ती काढून टाकून कथा चालते का ते पाहा. माझ्या अनुभवाने दहापैकी नऊ वेळा चालते.

भाषेविषयी थोडेच सांगतो. तुरुंगाचे शब्द चित्रपटांतून घेऊ नका. बराक, कोठडी, सर्कल, झडती, मुलाखत, पॅरोल, फर्लो, वॉर्डर, अंडा सेल हे शब्द वर्तमानपत्रांच्या बातम्यांतून आणि कैद्यांच्या आठवणींतून सहज मिळतात, आणि ते जितके साधेपणाने वापराल तितके चांगले. ‘काळोख्या’, ‘भेसूर’, ‘काळीज गोठवणारा’ ही विशेषणे पहिल्या खर्ड्यात येऊ द्यात, दुसऱ्यात खोडा. खलपात्राला लांब भाषणे देऊ नका. ज्याच्या हाती खरी सत्ता असते तो तुरुंगात फार बोलत नाही, त्याच्या वतीने दुसरे बोलतात. कथा प्रथमपुरुषी लिहायची की तृतीयपुरुषी, यावर पुष्कळ वाद घातला जातो. नायक जगला-वाचला हे लपवायचे असेल तर तृतीयपुरुषी सोयीचे पडते. पण मला अशा कथेत प्रथमपुरुष अधिक परिणामकारक वाटतो, कारण तिथे वाचकाच्या मनात ‘हा वाचेल का’ या प्रश्नाच्या जागी ‘वाचण्यासाठी याने काय केले असेल’ हा प्रश्न येतो.

याच प्रश्नावरून शेवट ठरतो. त्या परत पाठवलेल्या कथेच्या लेखकाला मी असे सुचवले होते: स्मशान काढून टाका, बावीस मृत्यू काढून टाका आणि पेन्सिलीपाशी परत या. नाव पेन्सिलीने का लिहिले होते, ते नायकाला कथेच्या मध्यावर कळू द्या: त्या तुरुंगात नाव खोडता येते, आणि खोडलेल्या नावाचा माणूस कोणत्याच नोंदीत सापडत नाही, म्हणून त्याचे काहीही झाले तरी कोणाला उत्तर द्यावे लागत नाही. त्यानंतर नायक जगण्यासाठी एकेक गोष्ट करत जाईल. तो कोणाचा तरी हप्ता गोळा करेल, कोणाची तरी झोपायची जागा काढून घेईल, एका रात्री ओरडणाऱ्याकडे पाठ करून झोपेल. यांतील प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा एवढीशीच मोठी ठेवा, म्हणजे वाचकालाही प्रत्येक वेळी वाटावे की मीही हेच केले असते. मग शेवटच्या पानावर पुन्हा तुरुंगाचे दार येऊ द्या. बाहेर पोलिसांची गाडी थांबली आहे, एक नवा मुलगा खाली उतरतो आहे, त्याच्या हातात आईने दिलेली पिशवी आहे. या वेळी टेबलामागे नायक बसला आहे. त्याच्यासमोर दौत आहे आणि पेन्सिलही आहे. तो मुलाला नाव विचारतो आणि हात पुढे करतो.